काहीच नसलेल्याची सरासरी

"पण सर, तेच पुन्हा कशाला?"

श्रेणिकनं हे विचारलं तेव्हा त्याचे हात कीबोर्डवरच होते. विचारतानाही तो टाइप करत होता. त्याचं तसंच असायचं.

आवटी सर खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. खाली गल्लीत कुणीतरी सतार जुळवत होतं. एकच तार, पुन्हा पुन्हा. जराशी वर, जराशी खाली...

मी माझ्या मॉनिटरच्या मागे आणखी थोडी खाली सरकले. सरांना कुणी 'कशाला' विचारलं की घाम मला फुटायचा.

ही मिरजेतली गोष्ट. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर सरांचा क्लास होता. पाटी नव्हती. जिन्याच्या तोंडाशी चपला दिसल्या की क्लास चालू आहे असं समजायचं. सर पूर्वी एका बँकेसाठी प्रोग्रॅम लिहायचे. निवृत्त झाले आणि ही माडी भाड्यानं घेऊन बसले.

खोलीत मोजकी मशीन्स, फुगीर काचेच्या मॉनिटरांची. त्यांच्यावर सरांच्या घरच्या काकूंनी जुन्या चादरींची शिवलेली कव्हरं. कव्हर काढलं की आधी खालच्या दुकानातल्या लाकडाच्या भुश्शाचा वास यायचा, आणि मग मशीन तापायला लागल्याचा. ते दोन वास एकत्र मला नंतर कुठंच मिळाले नाहीत. मी शोधले आहेत.

शनिवारचा तास उजळणीनं सुरू व्हायचा. हा सरांचा शब्द. उजळणी वर्षभर एकच असायची. कोरा स्क्रीन घ्यायचा आणि एका मुलाचे मार्क एकेक करून विचारणारा, शेवटी त्यांची सरासरी सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा. मार्क संपले की पुढच्या प्रश्नाला नुसतं एंटर दाबायचं, म्हणजे उत्तर यायचं. भाषा कुठलीही चालेल. मागच्या शनिवारचं बघून लिहायची सोय नव्हती, कारण ते नसायचंच. तास संपला की सर सगळं पुसायला लावायचे. नेटची वायर काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. तिचं एक टोक तासभर बाहेर लोंबत असायचं.

पहिले काही शनिवार मला पुसताना रडू यायचं. नंतर नंतर बरं वाटायला लागलं. फळा पुसल्यावर शाळेत वाटायचं तसं.

लिहून झालं की सर येऊन मागे उभे राहायचे. ते आल्याचं मला कधीच कळायचं नाही आणि मी दर वेळी दचकायचे. "केतकी, मी आहे," सर हळूच सांगायचे. एकदा लाइट गेली आणि यूपीएस ओरडला, तेव्हा मी खुर्चीतून उठून थेट दारापर्यंत पोचले होते. त्या दिवसापासून श्रेणिक मला ससुली म्हणायला लागला.

तर सर मागे उभे राहायचे. प्रोग्रॅम विचारायचा, पहिला मार्क? सर खांद्यावरून हात पुढे करायचे आणि नुसतं एंटर दाबायचे.

एकही मार्क न देता.

अगदी पहिल्यांदा आम्हा सगळ्यांचे प्रोग्रॅम तिथंच कोसळले होते. बेरजेला विषयांच्या संख्येनं भागायचं, आणि विषय तर एकही नाही. शून्यानं भागायला गेलं की मशीन हात वर करतं. मग आम्ही शहाणे झालो. काहीच दिलं नाही तर शून्य दाखव, अशी एक ओळ आम्ही सगळ्यांनी वर टाकून दिली. पुढच्या वेळी सरांनी एंटर दाबलं, शून्य आलं. सर "हं" म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे गेले.

त्या 'हं'वर आम्ही चहाच्या गाड्यावर किती बोललो असू. श्रेणिक म्हणायचा, बरोबर आहे, म्हणून तर काही बोलत नाहीत. मला वाटायचं सर रागावलेत. मला सगळ्याच 'हं'चा अर्थ तोच वाटतो.

श्रेणिक चौगुल्यांचा. सांगलीत त्यांची हळदीची अडत आहे, त्याच्या आजोबांपासूनची. त्याला भाषांचं वेड होतं. एखाद्याला नाटकांचं असतं, तसं. दर थोड्या दिवसांनी तो नवी भाषा घेऊन यायचा आणि चहा पिताना तिचं कौतुक सांगत बसायचा. ही बघ ससुली, हिच्यात कंसच कंस, बंद करता करता संध्याकाळ होते. ही दुसरी, हिच्यात एक जागा जास्त सुटली तरी ती रुसते. त्याच्या तोंडून ऐकताना त्या भाषा म्हणजे कुठल्यातरी लग्नघरात जमलेल्या मावश्या वाटायच्या.

आणि त्याला त्या सगळ्या यायच्या. हे खोटं नाही. आमच्यात त्याच्याइतकं भराभर कुणीच लिहीत नव्हतं.

आता माझ्या ऑफिसातलं मशीन, मी दोन अक्षरं लिहिली की पुढची ओळ स्वतःच लिहून दाखवतं. मी तेव्हाही दचकते.

त्या शनिवारी पुण्याहून मोहिते मॅडमचा फोन यायचा होता. मॅडम सरांच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी. पुण्यात त्यांची लहानशी कंपनी होती. वर्षातून एकदा, परीक्षा संपण्याच्या सुमारास त्या सरांना फोन करायच्या आणि एक नाव विचारायच्या. सर नाव सांगायचे आणि त्या मुलाला मॅडम घेऊन टाकायच्या. मुलाखत नाही, परीक्षा नाही.

श्रेणिकला ते नाव हवं होतं.

त्याचं कॉलेज संपलं होतं. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, घरात सांगून टाकलं होतं की नोकरीचं काय ते या आठवड्यात कळलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून अडतीवर बसायचं. त्याच्यासाठी गादीला नवी खोळसुद्धा शिवून आली होती. हे सांगताना श्रेणिक हसला होता, पण त्याचा चहा तसाच राहिला होता.

मी एका वर्षानं मागे होते, त्यामुळे माझा प्रश्न नव्हता. पण मला दुसऱ्यांच्या निकालाचीही भीती वाटते.

सरांनी चष्मा चढवला.

"झालं लिहून?"

"केव्हाच."

सर आले, हात पुढे केला, एंटर दाबलं. शून्य आलं.

"हं," सर म्हणाले.

एरवी श्रेणिकनं ते तिथंच सोडलं असतं. त्या दिवशी सोडलं नाही. खुर्ची फिरवून तो सरांकडे बघत म्हणाला, की सर, आज तरी सांगा, हं म्हणजे काय. वर्षभर तेच लिहितोय, वर्षभर तेच पुसतोय. बाहेर पोरं ॲप बनवून मोकळी झाली, आणि आम्ही अजून एकाच पोराची सरासरी काढतोय.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी नव्हते.

सर म्हणाले, "ही कुठली भाषा?"

"पायथॉन."

"अजून कुठल्या येतात?"

श्रेणिकचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत सरांनी हे त्याला पहिल्यांदाच विचारलं होतं. तो भराभर नावं घ्यायला लागला. सरांनी मध्येच थांबवलं आणि म्हणाले, सांगू नकोस, लिही.

मग जे झालं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं.

श्रेणिकनं बाह्या सारल्या आणि लिहायला घेतलं. आधी सी. मग जावा. मग रुबी. मग ती कंसांची लिस्प. एका मशीनवर जी भाषा नव्हती तिच्यासाठी दुसऱ्यावर जाऊन बसला. मुलं आपापल्या खुर्च्या सोडून त्याच्या मागे जमली. सरांनी एक स्टूल ओढून घेतलं होतं आणि तेही त्याच्याबरोबर मशीनमागून मशीन सरकत होते. त्याचं लिहून झालं की सरांचं बोट पुढे यायचं. एंटर. शून्य. पुढचं. एंटर. शून्य.

माझ्या शेजारच्या मशीनवर यायच्या आधी त्यानं मला डोळा मारला. म्हणजे, बघ ससुली, जमलं.

शेवटी त्यानं हॅस्केल घेतली. ही सरांची आवडती. आम्हाला त्यांनी ती फक्त लांबून दाखवली होती. श्रेणिक ती घरी शिकून आला होता. त्यातही त्यानं ती सरासरी लिहिली, कुठं न अडखळता. सर पुढे वाकून त्याची एकेक ओळ वाचत राहिले. मग एंटर दाबलं.

शून्य.

सर बराच वेळ त्या शून्याकडे बघत होते...

खालची तारही थांबली होती.

"श्रेणिक, एक मुलगा परीक्षेला आलाच नाही. त्याला किती?"

"शून्य."

"दुसरा आला. बसला. तीन तास बसून कोरा पेपर ठेवून गेला. त्याला?"

"शून्यच..."

हे म्हणताना त्याचा आवाज जरा खाली आला.

"दोघं सारखे?"

श्रेणिकनं स्क्रीनकडे पाहिलं.

सरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. कधीच चढायचा नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. ते म्हणाले, या भाषेत 'असेल, नसेलही' असं म्हणायची सोय आहे. आहे ते वेगळं ठेवता येतं, नाही ते वेगळं. लोक तेवढ्यासाठी तिच्याकडे येतात.

"तू तिच्याकडेही शून्यच घेऊन आलास."

श्रेणिकचे कान लाल झाले.

"इतक्या भाषा, बाळा. आणि सगळ्यांत एकच वाक्य बोललास."

मला वाटलं आता श्रेणिक उठून जिना उतरणार. मला त्याच्या आधी जिना उतरावासा वाटत होता.

तो उठला नाही. म्हणाला, मग बरोबर उत्तर काय ते सांगा, आत्ता लिहून देतो.

सरांनी हात पुढे करून सगळं पुसलं. स्क्रीन कोरा झाला.

"तास अजून आहे," म्हणाले आणि खाली चहा सांगायला गेले.

सरांची पावलं जिन्यावरून उतरल्यावर श्रेणिक माझ्याकडे झुकून पुटपुटला की म्हातारा मुद्दाम करतोय, आज फोन आहे म्हणून. त्याला दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचंय. मला हो म्हणायचीही भीती आणि नाही म्हणायचीही.

मग तो वळला. बोटं कडाकडा मोडली. हात कीबोर्डवर ठेवले.

आणि ते तिथंच राहिले.

त्याच्या कीबोर्डचा आवाज हा त्या खोलीचा आवाज होता, हे तो थांबल्यावर मला कळलं. पंखा फिरत होता ते ऐकू आलं. खालच्या दुकानात कुणीतरी कानस चालवत होतं ते ऐकू आलं. मुलं एकेक करून आपल्या जागी गेली. कुणी लिहायला लागलं, कुणी नुसतंच बसलं.

श्रेणिकनं एक शब्द लिहिला. पुसला.

पुन्हा लिहिला. बघत बसला. पुसला.

मग बऱ्याच वेळानं म्हणाला, "केतकी..."

त्यानं मला ससुली म्हटलं नाही. त्यानंच मी दचकले.

"ही सरासरी शेवटी बघतं कोण गं?"

मला पटकन माझी आईच आठवली. प्रगतिपुस्तक हातात आलं की ती आधी पदराला हात पुसायची आणि मग उघडायची. मी म्हटलं, त्या मुलाची आई बघत असेल.

"म्हणजे तो तापानं घरी झोपलाय... आणि तिला इथं शून्य दिसणार."

मी मान हलवली. तो माझ्याकडे बघत नव्हता. हात त्यानं कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले होते. इतक्या दिवसांत त्याचे हात असे मांडीवर मी पाहिले नव्हते. ते मला एकदम लहान वाटले, शाळेतल्या मुलाचे असतात तसे.

सर वर आले. हातात किटली आणि पेल्यांची चळत. श्रेणिकनं मागे न बघताच विचारलं,

"सर, हा मुलगा आला नाही, की अजून यायचाय?"

सर दारातच थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला काय माहीत. प्रोग्रॅम तुझा आहे."

श्रेणिक "हं" म्हणाला.

हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. पण मागच्या रांगेत मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

सर पेले भरत होते तेवढ्यात फोन वाजला.

भिंतीवरचा जुना फोन, घंटा कर्कश. माझ्या हातातला पेला सांडला, चहा टेबलावरून थेट ओढणीवर. सर म्हणाले, केतकी, फोन आहे. त्यांनी रिसीव्हर उचलला, वायर लांब होती, ती ओढत गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. मॅडमच असणार, कारण सर बोलताना मान वाकवून हसत होते. जुन्या मुलांशी बोलतानाच ते तसे हसायचे.

सगळा वर्ग त्या पाठीकडे बघत होता. मी ओढणी पिळत होते आणि बघत होते. सर काय बोलतायत ते पाठीवरून कळेना.

मग मी श्रेणिककडे पाहिलं. मला त्याला म्हणायचं होतं की अरे, फोन आलाय, तुझा फोन.

तो स्क्रीनकडे बघत होता. कोऱ्या स्क्रीनकडे. ओठ हलत होते. बोटानं मांडीवर काहीतरी काढत होता, खोडत होता. फोन वाजलेला त्याला ऐकू आला नव्हता, की आला होता आणि आत पोचला नव्हता... मला आजही सांगता येणार नाही. इतकं मात्र आठवतं, की त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला. माझ्या कानांतून कुठलाच आवाज कधी सुटलेला नाही.

गेल्या वर्षी मी मिरजेला गेले तेव्हा त्या गल्लीत वळले होते. माडीच्या खिडक्या बंद होत्या. खाली सतार जुळवणं चालू होतं. मी जिन्याच्या तोंडाशी जरा वेळ उभी राहिले, चपला काढू की नको अशी.

त्या शनिवारचा तास संपला. मुलांनी आपापलं लिहिलेलं पुसलं. श्रेणिकला पुसायला काही नव्हतं.

दार उघडून सर आत आले. रिसीव्हर जागेवर ठेवला. खिशातली नेटची वायर काढून नीट गुंडाळली. मग एकेक मशीन बंद करत आमच्या रांगेत आले.

श्रेणिक आत्ता कुठं भानावर आल्यासारखा झाला. त्यानं आधी गॅलरीकडे पाहिलं, मग फोनकडे, मग सरांकडे. त्याला सगळं एकदम आठवलं असावं, फोन, अण्णा, ती नवी खोळ. तो उभा राहिला.

सर म्हणाले, "सोमवारी पुण्याला जा. मॅडम वाट बघतील."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मला नेहमी आधी तेच वाटतं. मग मी पाहिलं तर श्रेणिकचे डोळे भरून आले होते, आणि तो ते लपवायलाही विसरला होता.

"पण सर..."

सर कव्हर झटकत होते.

"सर, मी तर शेवटी काहीच लिहिलं नाही."

सरांनी त्याच्या मशीनवर कव्हर घातलं. चारी बाजूंनी खाली ओढलं. एका कोपऱ्याला शिवण उसवली होती, ती बोटानं आत सारली.

"तेच तर तिला सांगितलं."